आडव्या निमुळत्या टाकींतील पाण्याचें माप

दासगांवच्या पुढ्यांत सावित्रीची खाडी आणि पाठीशीं डोंगर. आषाढ-श्रावणांत पाणी नको नको होतें, आणि चैत्र-वैशाखांत तेंच पाणी हंड्या-घागरींनीं मोजून घ्यावें लागतें. खाडी दाराशीं वाहते खरी, परंतु भरतीबरोबर समुद्राचें खारें पाणी आंत शिरत असल्यामुळें तें पिण्याच्या कामीं येत नाहीं व कलमांच्या आळ्यांतही घालतां येत नाहीं. महाड व पोलादपूर ह्या दोन्ही तालुक्यांतील डोंगरवाड्यांची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. पाऊस उदंड, पण तो उतारावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणें नशिबीं येतें. अशा मुलखांत सांठविलेल्या पाण्याचें माप बिनचूक असणें हा हौसेचा विषय नव्हे. ज्या महाडांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांस चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तेथील वाचकांस पाण्याच्या वांटणींतील न्याय म्हणजे काय हें फोडून सांगावयास नको.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. जमिनीच्या मापाबद्दल आपले लोक किती दक्ष असतात हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. ३३ फुटांची शंकुसाखळी, तिचे १६ आणे, ४० गुंठ्यांचा एकर हें सर्व अक्षरशत्रु म्हाताऱ्यासही तोंडपाठ असे. पोटहिश्श्यांत आणाभर जमीन कमी भरली तर दोन पिढ्या दावे चालत. परंतु तोच गृहस्थ टाकींतलें पाणी मात्र काठी बुडवून, नजरेनें, ‘पाव टाकी उरली’ असें म्हणून मोकळा होतो. ही पाव टाकी खरोखर पाव असते काय, एवढाच प्रश्न आज आम्हीं येथें घेतला आहे.

टाकी उभी व सरळ भिंतींची असेल तर कांहीं वाद नाहीं. खोली पाव तर पाणी पाव. सिमेंटचा चौकोनी हौद किंवा उभें ठेवलेलें पिंप येथें काठीवर सारख्या अंतरानें खुणा केल्या तरी चालतें. परंतु तेंच पिंप आडवें घातलें कीं हिशेब बिघडतो. आडव्या पिंपाचा तळ अरुंद, पोट रुंद आणि माथा पुन्हां अरुंद. त्यामुळें तळाशीं बोटभर खोलींत जेवढें पाणी मावतें त्याच्या कितीतरी पट पाणी मध्यावरच्या बोटभर खोलींत मावतें. सुमारें २०० लिटरच्या नेहमींच्या पिंपाचा आंतील व्यास अंदाजें ५७ सेंटिमीटर असतो. तें आडवें असतां आंत सवाचौदा सेंटिमीटर, म्हणजे व्यासाच्या पाव, पाणी असेल तर मालक तें ५० लिटर समजतो. प्रत्यक्षांत तें ३९ लिटर असतें. आतां औषधाच्या डब्यावर लिटरास २ मिलिलिटर असें प्रमाण छापलें असेल, व मालकानें ५० लिटरच्या हिशेबानें १०० मिलिलिटर औषध ओतलें, तर द्रावण लिटरास अडीच मिलिलिटरहूनही कडक होतें. कोंवळ्या पालवीवर त्याचा काय परिणाम होईल तो होवो, पैसा तर गेलाच.

टँकरची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तेथें एकाची चूक दुसऱ्याच्या घशाला कोरड पाडते. समजा, १०,००० लिटरचा गोल टँकर चार वाड्यांस सारखा वांटावयाचा आहे, आणि काठीवर व्यासाचे चार सारखे भाग पाडले आहेत. पहिल्या वाडीनें एक भाग घेतला, दुसरीनें दुसरा, तिसरीनें तिसरा, आणि तळचा भाग चौथीस राहिला. दिसावयास हा न्याय चोख आहे. परंतु पहिल्या व चौथ्या वाडीस प्रत्येकीं १,९५५ लिटर, आणि मधल्या दोघींस प्रत्येकीं ३,०४५ लिटर पाणी मिळतें. शेवटच्या वाडीचे, १५ लिटरचा एक हंडा धरला तर, एका खेपेस ३६ हंडे बुडतात. कोणीं लबाडी केलेली नसते. काठीच खोटी असते. त्या काठीवर खुणा व्यासाच्या तीन दशांशावर, निम्म्यावर व सात दशांशावर केल्या असत्या तर चारही वाटे जवळजवळ सारखे झाले असते.

येथवर सरळ नळकांड्यासारख्या टाकीचा विचार झाला. आतां ज्या टाकीविषयीं सभासद पुन्हां पुन्हां विचारतात तिच्याकडे वळूं. कारखान्यांतून भंगारांत निघालेलीं निमुळतीं भांडीं अलीकडे शेतावर दिसूं लागलीं आहेत. वस्तुतः हीं उभीं, निमुळतें तोंड खालीं करून, लोखंडी घोड्यावर ठेवावयाचीं असतात. परंतु घोडा करावयाचा खर्च नको म्हणून लोक तीं आडवीं घालतात. कांहीं टाक्यांचें पोट नळकांड्यासारखें व टोकें तेवढीं शंकूसारखीं असतात. (जातां जातां सांगतों: ज्या भांड्यांत पूर्वीं रसायन होतें त्यांतलें पाणी, तें कितीही धुतलें असलें तरी, माणसानें व गुरानें पिऊं नये.)

उभा शंकु शेतकऱ्यास नवा नाहीं. खळ्यावरील धान्याची रास म्हणजे शंकुच. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत राशीचें माप काढण्याची सोपी रीत दिली आहे: राशीच्या परिघाचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा व त्यास उंचीनें गुणावें. कुसळाच्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या नवव्या भागाइतकी धरावी असेंही तेथें सांगितलें आहे. परीघ १८ हात असेल तर सहावा भाग ३, वर्ग ९, उंची २, म्हणून रास १८ घनहात. निमुळत्या खड्ड्याचें घनफळ तेवढ्याच तोंडाच्या व खोलीच्या सरळ खड्ड्याच्या एक तृतीयांश असतें, हाही नियम त्याच ग्रंथांत आहे. चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथें ह्या आचार्यांच्या कुळाची हकीकत देणारा शिलालेख असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो उजेडांत आणला. मराठी शेतकऱ्यानें आपल्याच प्रांतांतील हें धन विसरावें याचें आम्हांस वाईट वाटतें.

परंतु शंकु आडवा केला म्हणजे काय होतें तें पाहा. त्याचें टोक मधल्या उंचीवर लोंबकळत राहतें, आणि तळ म्हणून जी जागा आहे ती केवळ रुंद बाजूजवळच असते. पाणी ओतूं लागलें कीं तें प्रथम रुंद बाजूच्या कोपऱ्यांत पाचरीसारखें सांठतें. जसें चढतें तसें टोकाकडे सरकतें. आणि टाकी बरोबर निम्मी भरते तेव्हांच पाण्याची कड टोकास लागते. म्हणजे येथें तळ दोन्हीं अंगांनीं आखडलेला आहे, रुंदींतही आणि लांबींतही. म्हणून अर्ध्याच्या खालीं काठी दाखविते त्याहून पाणी पुष्कळच कमी, व अर्ध्याच्या वर पुष्कळच अधिक असतें.

पुढील कोष्टक आम्हीं त्रिकोणमितीच्या आधारानें तयार केलें आहे. रुंद बाजूच्या व्यासाचे दहा सारखे भाग कल्पावे, त्यांपैकीं किती भाग पाण्यांत बुडाले तें पाहावें, आणि पूर्ण भरलेल्या टाकीच्या मानानें शेंकडा किती पाणी आहे तें वाचावें.

बुडालेले भाग १: नळकांडें शेंकडा ५.२, शंकु शेंकडा १.२
भाग २: नळकांडें १४.२, शंकु ६.५
भाग ३: नळकांडें २५.२, शंकु १६.८
भाग ४: नळकांडें ३७.४, शंकु ३१.७
भाग ५: नळकांडें ५०; शंकु ५०
भाग ६: नळकांडें ६२.६, शंकु ६८.३
भाग ७: नळकांडें ७४.८, शंकु ८३.२
भाग ८: नळकांडें ८५.८, शंकु ९३.५
भाग ९: नळकांडें ९४.८, शंकु ९८.८

उदाहरणार्थ, रुंद तोंडाचा व्यास १०० सेंटिमीटर व लांबी १५० सेंटिमीटर असा पूर्ण शंकु घ्या. त्रिज्या ५०, वर्ग २,५००, त्यास २२/७ नें व १५० नें गुणून ३ नें भागिलें म्हणजे सुमारें ३,९३,००० घनसेंटिमीटर, अर्थात् ३९३ लिटर. आंत २५ सेंटिमीटर पाणी असेल तर पाव टाकी म्हणून ९८ लिटर धरण्याचा मोह होईल. खरें पाणी शेंकडा ११, म्हणजे ४३ लिटर आहे. औषधाचा वर सांगितलेला हिशेब येथें लावला तर लिटरास २ च्या ऐवजीं साडेचार मिलिलिटर पडतील. खरोखर पाव टाकी पाणी हवें असेल तर ते व्यासाचे ३.६ भाग, म्हणजे ह्या टाकींत ३६ सेंटिमीटर, भरलें पाहिजे.

प्रत्यक्षांत टोकापर्यंत निमुळती टाकी क्वचितच मिळते; टोक छाटलेली मिळते. तिचा हिशेब अवघड नाहीं. टोक असतें तर केवढा शंकु झाला असता तो कल्पावा, व त्यांतून छाटलेला लहान शंकु वजा करावा. वरील शंकूचा अर्धा, टोकाकडील ७५ सेंटिमीटरांचा भाग छाटला आहे असें समजा. लहान बाजूचा व्यास ५० राहील. छाटलेला शंकु मोठ्याच्या आठव्या हिश्श्याचा, ४९ लिटरचा. म्हणून टाकी ३४४ लिटरची. मोठ्या बाजूस ४० सेंटिमीटर पाणी आहे. लहान बाजूचा तळ २५ सेंटिमीटर वर असल्यामुळें तिच्यावर १५ सेंटिमीटर पाणी येईल. मोठा शंकु ४ भाग बुडाला, म्हणून ३९३ चे शेंकडा ३१.७, म्हणजे सुमारें १२४½ लिटर. लहान शंकु ५० पैकीं १५, म्हणजे ३ भाग बुडाला, म्हणून ४९ चे शेंकडा १६.८, म्हणजे ८ लिटर व थोडें वर. वजाबाकी ११६ लिटर. सारख्या खुणांची काठी १३७ सांगेल.

ज्यांस कोष्टक नको, किंवा ज्यांच्या टाकीचा आकार धड शंकूचाही नाहीं, त्यांच्यासाठीं दुसरी रीत आहे आणि तिचा इतिहास मनोरंजक आहे. जर्मन ज्योतिषी केप्लर याचें १६१३ सालीं दुसरें लग्न झालें. त्या वेळीं तो ऑस्ट्रियांतील लिंझ शहरीं राहत असे. घरीं द्राक्षाच्या मद्याचीं लांकडी पिपें आणलीं, तेव्हां व्यापाऱ्यानें पिपाच्या भोंकांतून एक दांडा तिरपा आंत घालून, तो कितपत बुडाला एवढेंच पाहून किंमत सांगितली. पीप लांबट कीं आखूड हें त्यानें विचारलेंही नाहीं. ग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या माणसास हें कसें सोसावें? त्यानें ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला व १६१५ सालीं पिपांच्या घनफळावर एक ग्रंथच छापला. त्याच्या नांवानें ओळखली जाणारी रीत अशी: भांड्याचे दोन्ही टोकांचे व बरोबर मध्याचा असे तीन छेद घ्यावे, मध्याच्या छेदाचें क्षेत्रफळ चौपट करून त्यांत टोकांच्या दोन छेदांचीं क्षेत्रफळें मिळवावीं, बेरजेस लांबीनें गुणून ६ नें भागावें. इंग्रज गणिती सिंप्सन याच्या नांवानेंही हाच नियम प्रसिद्ध आहे.

आपणांस छेदाचा ओला भाग तेवढाच हवा. हा धनुष्यासारखा असतो. पाण्याची खोली हा शर, व पाण्याच्या पृष्ठाची रुंदी ही जीवा. जीवा काढण्याचा नियम पुन्हां ‘लीलावतीं’तच आहे: व्यासांतून शर वजा करावा, बाकीस शरानें गुणावें, वर्गमूळ काढून दुप्पट करावें. मग धनुष्याचें क्षेत्रफळ अजमासानें असें मिळतें (ही पुढची रीत आचार्यांची नव्हे): जीवा व शर यांच्या गुणाकाराचे दोन तृतीयांश घ्यावे, आणि शराच्या घनास जीवेच्या दुपटीनें भागून आलेली रक्कम त्यांत मिळवावी. वरच्याच टाकीवर ही रीत चालवून पाहूं. मोठ्या बाजूस व्यास १००, शर ४०, जीवा ९८, क्षेत्रफळ २,९३९. मध्यावर व्यास ७५, शर २७½, जीवा ७२.३, क्षेत्रफळ १,४६९. लहान बाजूस व्यास ५०, शर १५, जीवा ४५.८, क्षेत्रफळ ४९५. मधलें चौपट करून बेरीज ९,३१०. तीस ७५ नें गुणून ६ नें भागिलें म्हणजे १,१६,३७५ घनसेंटिमीटर. पुन्हां ११६ लिटरच. मराठी शाळेंत शिकलेल्या वर्गमुळाचा एवढा उपयोग होईल असें आमच्या गुरुजींसही वाटलें नसेल. मात्र दोन बंधनें पाळावीं. पाणी दोन्ही टोकांस लागलेलें असावें. आणि टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असेल तर रिकाम्या भागाचें माप काढून पूर्ण घनफळांतून वजा करावें.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. वरील सर्व हिशेबांत टाकीचा आंस, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मध्यबिंदूंस जोडणारी रेषा, समपातळींत आहे असें धरलें आहे. निमुळती टाकी जमिनीवर नुसती लवंडून दिली तर तिचा तळ समपातळींत येतो व आंस तिरपा होतो. मग आमचें कोष्टक तेथें लागू पडत नाहीं, कारण लहान बाजूसही पाणी पहिल्यापासूनच पोंचतें. म्हणून निमुळत्या बाजूखालीं दगड किंवा विटांचा ओटा देऊन ती उचलावी. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन्ही बाजूंचे मध्यबिंदु एका पातळींत आले कीं नाहीं हें पाहावें. टाकी रुंद बाजूकडे घसरूं नये म्हणून ओट्यास आडवी ओळ बांधावी. आणि जागा निवडतांना वजन विसरूं नये. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन ओझें. जुलै २००५ मध्यें दासगांवावर डोंगराची दरड कोसळून माणसें दगावलीं, हें आपल्या भागांत कोणी विसरलेलें नाहीं. घराच्या वरच्या अंगास, भुसभुशीत उतारावर, भरलेल्या टाक्यांची रांग लावूं नये. टाकी घराच्या खालच्या अंगास किंवा कातळावर ठेवावी.

ज्याची टाकी चेपलेली आहे, जिचा आंस सरळ करतां येत नाहीं, किंवा ज्यास हिशेबाचाच कंटाळा आहे, त्यानें काठी पाण्यावरूनच आंखून घ्यावी. खरें म्हणजे हिशेब करणाऱ्यानेंही एकदां हें करून आपला ताळा पाहावा. बाजारांतील बादलीवर छापलेल्या आंकड्यावर विश्वास न ठेवतां ती कांट्यावर ठेवावी; रिकाम्या बादलीचें वजन वजा करून पाण्याचें वजन १० किलो भरलें कीं १० लिटर झाले, तेथें बादलीस आंतून खूण करावी. मग रिकाम्या टाकींत एकेक बादली ओतीत जावें. दर बादलीनंतर पाणी स्थिर होऊं द्यावें, बांबूची सरळ काठी रुंद बाजूस अगदीं लागून, तळाच्या सर्वांत खोल जागीं, ओळंब्यांत उभी धरावी, व ओल जेथवर आली तेथें कोयत्यानें खांच पाडावी. काठीस आधीं खडू फांसला म्हणजे ओल स्पष्ट दिसते. निमुळत्या टाकींत खालच्या खांचा दूर दूर पडतील, मध्यावर दाट होतील व माथ्याकडे पुन्हां दूर जातील. असें झालें तर काम बरोबर चाललें आहे असें समजावें. ज्यास वारंवार झांकण उघडणें नको असेल त्यानें टाकीच्या रुंद बाजूवर, तळाशीं तोटी बसवून, पारदर्शक नळी उभी बांधावी व त्याच खांचा शेजारच्या पट्टीवर उतरून घ्याव्या.

टँकर पुष्कळदां गोल नसून लंबगोल असतात. त्यांसही नळकांड्याचेंच कोष्टक चालतें. मात्र व्यास म्हणून उभी उंची धरावी, आडवी रुंदी नव्हे. घाटांतल्या वाडीवर टँकर उतारावर उभा राहतो, तेव्हां पुढच्या टोकास एक खोली व मागच्या टोकास दुसरी दिसते. अशा वेळीं काठी टाकीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर घालावी.

काठीवर टाकीचें नांव व खुणा केल्याची तारीख तापलेल्या खिळ्यानें उठवून ठेवावी. एका टाकीची काठी दुसऱ्या टाकीस चालत नाहीं, आणि टाकी जागेवरून हलविली, तिचा ओटा खचला किंवा तिला पोंचा आला तर काठी नव्यानें आंखावी लागते.